हरणाच्या केसांचा पुरेपूर वापर
मासेमारीसाठी फ्लाय, म्हणजे गळावर केस व दोरा बांधून केलेले कीटकासारखे आमिष, बांधताना कातडीच्या तुकड्यावरून हरणाच्या केसांचा झुबका मुळालगत कापावा आणि त्यातली मऊ लव बारीक फणीने विंचरून काढावी, कारण ती राहिली तर दोरा आवळल्यावर केस नीट फुलत नाहीत. ही लव टाकू नये. मेण लावलेल्या दोऱ्यावर पिळली की तिचेच लहान फ्लायचे अंग होते. केसाचा मुळाकडचा भाग जाड आणि हवेने भरलेला असल्याने फ्लायचे तरंगणारे डोके घडवण्यास तोच घ्यावा. त्यासाठी छाटावी लागणारी टोके बहुतेक जण केरात टाकतात, याचे मला खरोखर वाईट वाटते. छाटण्याआधी झुबका स्टॅकरमध्ये, म्हणजे केसांची टोके जुळवणाऱ्या छोट्या नळीत, ठोकून टोके एका रेषेत आणल्यास, कमी फुलणाऱ्या या बारीक केसांतून छोट्या फ्लायसाठी नीटस पंख मिळतात.