पुण्यातून अमेरिकेतल्या राज्याच्या ॲटर्नी जनरलला मत कसं द्यायचं

तुम्ही अमेरिकी नागरिक असाल आणि मुक्काम पुण्यात असेल, तर 3 नोव्हेंबर 2026 च्या निवडणुकीत इथून टपालानं मत देता येतं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण अर्जात एक खूण कुठे केली यावरून ॲटर्नी जनरलचं, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाचं, पद मतपत्रिकेवर येणार की नाही हे ठरतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. मतपत्रिका हातात पडते, त्यावर फक्त सिनेट आणि हाउस या अमेरिकी संसदेच्या सभागृहांच्या जागा असतात, आणि तोवर दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो. म्हणून सगळं लक्ष अर्जावर हवं.

आधी पात्रता. ग्रीन कार्ड असेल तर हा अर्ज भरूच नका. तो मतदार नोंदणीचाही अर्ज आहे आणि त्यावर नागरिकत्वाची शपथ आहे; चुकीची सही केली तर ग्रीन कार्डच धोक्यात येतं. ओसीआय कार्डानं मात्र काही अडत नाही. ओसीआय म्हणजे भारताचं नागरिकत्व नव्हे. त्यावर इथे मत देता येत नाही, आणि तिकडचा हक्कही जात नाही.

मग आपल्या राज्यात हे पद निवडून दिलं जातं का ते बघा. आपल्याकडे महाराष्ट्राचा महाधिवक्ता घटनेच्या कलम 165 खाली राज्यपाल नेमतात. अमेरिकेत 43 राज्यांत ॲटर्नी जनरल थेट मतदानानं ठरतो. एडिसन किंवा जर्सी सिटी सोडून पुण्यात आलेल्यांना मात्र ही संधी नाही, कारण न्यू जर्सीत गव्हर्नर नेमणूक करतात. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर आणि वायोमिंगमध्येही तसंच. मेनमध्ये विधिमंडळ निवडतं आणि टेनेसीत राज्याचं सर्वोच्च न्यायालय. शिवाय वर्षही जुळावं लागतं. टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय, मिशिगन, जॉर्जिया, ओहायो, मॅसॅच्युसेट्स, ॲरिझोना इथे 2026 मध्ये ही निवडणूक आहे. पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलिना आणि वॉशिंग्टन राज्यात ती 2024 मध्ये होऊन गेली. व्हर्जिनियात 2025 मध्ये.

हे पद दुय्यम समजू नका. ग्राहकांची फसवणूक, घरमालकांची मनमानी, औषध कंपन्यांचे दावे, डेटाची चोरी, यांत राज्याच्या वतीनं कोर्टात उभं राहायचं की नाही हे ॲटर्नी जनरल ठरवतो. 1998 मध्ये तंबाखू कंपन्यांना वठणीवर आणणारा मोठा करार 46 राज्यांच्या ॲटर्नी जनरलनी मिळून केला होता. कमला हॅरिस 2011 ते 2017 कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरल होत्या. तिकडे घर, खातं, पेन्शन किंवा शिकणारी मुलं असतील, तर हा माणूस कोण आहे याचा तुमच्याशी थेट संबंध येतो.

सगळा खेळ एका चौकटीचा

परदेशातल्या मतदारांचा अर्ज म्हणजे फेडरल पोस्ट कार्ड ॲप्लिकेशन, सगळे त्याला एफपीसीए म्हणतात. तो एफव्हीएपी या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. पहिल्याच भागात तुम्ही कोण हे विचारलेलं असतं. लष्कराचे पर्याय सोडले तर तीन उरतात: मी परदेशात राहतो आणि परत जाण्याचा माझा इरादा आहे, मी परदेशात राहतो, पण परत जाण्याचं नक्की नाही, मी अमेरिकेत कधी राहिलेलोच नाही.

पुण्यात फ्लॅट घेतलेला, आई-वडिलांची जबाबदारी असलेला माणूस सहज दुसऱ्या पर्यायावर खूण करतो. टेक्सास, न्यूयॉर्क, इलिनॉय अशा राज्यांत या उत्तरावर फक्त फेडरल, म्हणजे केंद्राच्या, पदांची मतपत्रिका पाठवतात. त्यावर गव्हर्नर नसतो आणि ॲटर्नी जनरलही नसतो. कायद्याचं तर्कशास्त्र असं, की परदेशातल्या नागरिकाला फेडरल मतदानाचा हक्क 1986 च्या केंद्रीय कायद्यानं दिला आहे. राज्याच्या पदांसाठी कोणाला मतदार मानायचं हे राज्य ठरवतं, आणि ज्याचं परतणं अनिश्चित त्याला काही राज्यं आपला रहिवासी धरत नाहीत. बाकीच्या काही राज्यांत उत्तर काहीही असलं तरी पूर्ण मतपत्रिका येते. तुमच्या राज्याचा नियम एफव्हीएपीवरच्या राज्याच्या पानावर बघा, किंवा सरळ काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, निवडणूक कार्यालयाला ईमेल करून विचारा.

मग परतण्याच्या पर्यायावर खूण करून टाकावी का? इरादा खरोखर असेल तरच. मुलीचं शिक्षण संपलं की जायचं आहे, कंपनीची बदली ठराविक वर्षांची आहे, तिकडे घर राखून ठेवलं आहे, अशी स्थिती असेल तर निःशंक करा. तारीख ठरलेली असावी लागत नाही. पण खाली तुम्ही शपथेवर सही करता आणि खोट्या माहितीला शिक्षा आहे. दुसरी बाजू कराची. फेडरल पदांसाठी मत दिल्यानं राज्याच्या आयकराशी तुमचं नातं बदलत नाही. राज्याच्या पदांसाठी दिलं, तर राज्य तुम्हाला रहिवासी ठरवताना ते पुरावा म्हणून पुढे करू शकतं. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या बाबतीत कडक आहेत. तिकडचं रिटर्न भरून देणाऱ्या तुमच्या सल्लागाराला अर्ज पाठवण्याआधी एकदा विचारा. पुण्यातल्या नेहमीच्या सीएंना अमेरिकी राज्यांचे कर माहीत असतीलच असं नाही.

अर्ज भरताना

मतदानाचा पत्ता म्हणजे अमेरिका सोडण्याआधी तुम्ही जिथे शेवटचे राहत होता तो. घर विकलं असेल, तिथे आता दुसरं कोणी राहत असेल, तरी तोच. भावाचा किंवा मित्राचा पत्ता सोयीचा म्हणून टाकू नका. काउंटी बदलते आणि नोंद सापडत नाही.

नाव मतदार नोंदणीत आहे तसंच. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं आणि नोंदणीत फक्त आद्याक्षर, इथेच बऱ्याच अर्जांची गाडी अडते. जन्मतारीख महिना आधी, दिवस नंतर. 7 ऑगस्टला जन्मलेल्यानं हाताच्या सवयीनं 07/08 लिहिलं, की तिकडे तो 8 जुलैचा होतो आणि नोंदीशी जुळत नाही. लायसन्सची मुदत संपली असेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे 4 आकडे द्या.

पुण्याचा पत्ता आटोपशीर ठेवा: फ्लॅट, सोसायटी, भाग, पुणे, पिन कोड, आणि शेवटच्या ओळीत देशाचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत. ‘गणपती मंदिरासमोर, दुसरी गल्ली’ हे इथल्या कुरिअरवाल्याला उपयोगी. काउंटीच्या छापील लेबलवर ते अर्ध्यात तुटतं आणि पिन कोडच गायब होतो.

मतपत्रिका कशी हवी या प्रश्नाला ईमेल किंवा ऑनलाइन असंच उत्तर द्या. कागदी मागवलीत तर एका बाजूचे दोन-तीन आठवडे हकनाक जातात.

सही लायसन्सवर किंवा जुन्या नोंदणीवर आहे तशीच करा. बँकेत मराठीत सही करायची सवय असलेल्यांनी इथे विशेष सांभाळावं. पुढे मतपत्रिकेच्या पाकिटावरची सही याच सहीशी ताडून पाहतात.

अर्ज दर कॅलेंडर वर्षी नव्यानं करायचा. 2024 मध्ये केला होता म्हणून यंदा आपोआप मतपत्रिका येईल, या भरवशावर राहू नका. जानेवारीत केलात तर पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक फेरी, तिची फेरनिवडणूक आणि नोव्हेंबर, सगळं त्यात येतं. प्राथमिक फेरीसाठी पक्षाचं नाव लिहावं लागू शकतं. मिशिगनच्या मतदारांना ऑगस्टच्या प्राथमिक फेरीत ॲटर्नी जनरल दिसणार नाही. तिथे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरतो, त्यामुळे ती चूक समजून कार्यालयाला फोन करायची गरज नाही.

वेळेचं गणित

वेळेत अर्ज आलेल्या परदेशस्थ मतदाराला मतदानाच्या 45 दिवस आधी मतपत्रिका पाठवणं 2009 च्या कायद्यानं बंधनकारक आहे. यंदा ती तारीख 19 सप्टेंबर येते, म्हणजे ऐन गणेशोत्सवात. घरी पाहुणे, आरत्या, आणि ईमेल स्पॅममध्ये पडून, असं होऊ देऊ नका. काउंटीचा ईमेल पत्ता आधीच कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह करून ठेवा आणि 19 पासून स्पॅमचा फोल्डर रोज बघा. पोस्टाचं काम असेल तर अनंत चतुर्दशी, 2 ऑक्टोबर आणि दसरा धरून हिशोब करा. तिकडे 12 ऑक्टोबरला फेडरल सुट्टी आहे.

फोन करायचा झाला तर न्यूयॉर्कचे सकाळचे 9 म्हणजे पुण्याचे संध्याकाळचे साडेसहा, टेक्सासच्या बहुतेक भागाचे साडेसात, कॅलिफोर्नियाचे रात्रीचे साडेनऊ. 1 नोव्हेंबरला तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे मतदानाच्या आठवड्यात यात एक तास मिळवा.

छपाई

मतपत्रिकेची पीडीएफ अमेरिकी लेटर आकाराची असते: 216 बाय 279 मिलिमीटर. आपला ए4 त्यापेक्षा अरुंद आणि उंच. तशीच छापली तर बाजूच्या कडा कापल्या जातात, म्हणून प्रिंट करताना ‘फिट’ हा पर्याय निवडा आणि चारही कोपरे कागदावर आलेत का ते बघा.

शक्यतो घरच्या प्रिंटरवर छापा. अर्जावर तुमची जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटीचे आकडे असतात. झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली, की ती दुकानाच्या फोनमध्ये आणि कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्ये राहते. दुकानाशिवाय इलाजच नसेल तर पेन ड्राइव्ह न्या, समोर उभं राहून छापून घ्या आणि फाइल कॉपी झाली असेल तर काढायला लावा. खुणा घरी येऊन काळ्या शाईनं करा. ॲटर्नी जनरल बहुधा गव्हर्नरच्या खाली काही ओळींवर असतो. टेक्सासमध्ये एका खुणेत सगळा पक्ष निवडायची सोय 2020 पासून बंद आहे, तिथे प्रत्येक पदाला वेगळी खूण लागते.

परत पाठवणं

इथे राज्याराज्यांत मोठा फरक आहे. ॲरिझोनात सुरक्षित पोर्टलवर अपलोड करता येतं, मॅसॅच्युसेट्स ईमेल स्वीकारतं, कॅलिफोर्निया फॅक्स घेतं. न्यूयॉर्क आणि टेक्सासला परदेशातल्या सामान्य नागरिकाकडून कागदच लागतो. इलेक्ट्रॉनिक मार्गात गुप्तता सोडत असल्याच्या वेगळ्या कागदावर बहुधा सही लागते. ती राहिली तर मत बाद होतं.

कागद पाठवायचे तीन रस्ते आहेत. पहिला पोस्टाचा: कॅम्पातल्या जीपीओतून किंवा सिटी पोस्टातून आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट. ट्रॅकिंग मिळतं आणि पोस्ट बॉक्सच्या पत्त्यावरही ते पोचतं. पण 2025 च्या ऑगस्टअखेर अमेरिकी सीमाशुल्काच्या नियमांमुळे भारतीय टपाल खात्याला तिकडचं बुकिंग थांबवावं लागलं होतं आणि ते 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. म्हणून पाकीट बंद करण्याआधी खिडकीवर विचारून घ्या.

दुसरा खाजगी कुरिअरचा. सर्वांत जलद, सर्वांत महाग, आणि त्यात एक खाच आहे: कुरिअर पोस्ट बॉक्सवर देत नाहीत. निवडणूक कार्यालयाचा छापील पत्ता पुष्कळदा पोस्ट बॉक्सचाच असतो. रस्त्याचा पत्ता ईमेलवर मागून घ्या.

तिसरा मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात नेऊन देण्याचा. तिथून ते राजनैतिक टपालानं जातं, त्याला चार आठवडे धरा. म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत. स्वीकारण्याच्या वेळा त्यांच्या संकेतस्थळावर बघून निघा. एफव्हीएपीवर टपालखर्च भरलेलं छापील पाकीट मिळतं, ते याच रस्त्याला चालतं. तेच पाकीट तिकिटाविना आपल्या लाल पेटीत टाकलं तर ते कुठेच जात नाही, कारण तो खर्च अमेरिकी टपाल खात्यात भरलेला असतो.

पाकिटाच्या आत पाकीट असतं. आतल्यावर काही लिहायचं नाही. सही आणि तारीख बाहेरच्यावर किंवा शपथेच्या कागदावर. सहीवरून चिकटपट्टी ओढू नका. काही राज्यांत साक्षीदाराची सही लागते, ती जागा कोरी सोडू नका.

मतपत्रिका आलीच नाही तर

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काही आलं नाही, तर एफडब्ल्यूएबी ही आणीबाणीची मतपत्रिका एफव्हीएपीवरून उतरवा. तिच्यात उमेदवाराचं किंवा पक्षाचं नाव हातानं लिहायचं असतं. फेडरल पदांसाठी ती सगळीकडे चालते. राज्याच्या पदांसाठी काही राज्यांतच, तेव्हा पुरवणी भागात ॲटर्नी जनरल लिहिण्याआधी राज्याचं पान बघा. नंतर खरी मतपत्रिका आली तर तीही भरून पाठवा. ती वेळेत पोचली की कार्यालय तीच मोजतं, दोनदा मत दिल्याचा ठपका येत नाही.

जॉर्जियाच्या मतदारांना जास्तीची एक मतपत्रिका दिसेल, पसंतीक्रमाची. कोणालाच 50 टक्क्यांवर मतं मिळाली नाहीत तर डिसेंबरमध्ये फेरनिवडणूक होते, आणि तेवढ्या वेळात परदेशी टपाल फिरून येणं अवघड असतं. म्हणून उमेदवारांना 1, 2, 3 असे क्रम आधीच द्यायचे. तीही भरून पाठवा.

पाठवल्यावर राज्याच्या संकेतस्थळावर मतपत्रिका पोचल्याची नोंद बघत राहा. सही जुळत नाही असं वाटलं तर बऱ्याच राज्यांत कार्यालय ईमेल किंवा फोन करतं आणि दुरुस्तीला थोडेच दिवस देतं. त्यासाठी अर्जावर पुण्याचा चालू मोबाइल नंबर +91 सकट लिहिलेला असावा. तिकडचा जुना, बंद पडलेला नंबर नको.