पीस नदीत जीवाश्म शोधताना आधी लोखंडी गज, मग फावडं

फ्लोरिडातल्या पीस नदीत मेगालोडॉन या नामशेष महाकाय शार्कचे दात, मॅमथच्या दाढा, डुगाँगच्या (समुद्रगायीच्या) बरगड्या सापडतात, हे आता पुष्कळांना माहीत आहे. ‘वाळूत कुठेही खोदा आणि चाळत राहा’ हा सल्लाही तितकाच पसरला आहे. तो ऐकून लोक दिवसभर कोरी वाळू उपसतात आणि पाठ धरून परततात. नशीब लागतंच, पण ते योग्य जागा सापडल्यावर.

परवाना आधी काढा. शार्कच्या दातांना तो लागत नाही. पण घोडा, मॅमथ, स्लॉथ अशा इतर पृष्ठवंशी प्राण्यांचे अवशेष सरकारी नदीपात्रातून घ्यायचे असतील, तर गेन्सव्हिलच्या फ्लोरिडा म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचा वार्षिक परवाना हवा, आणि काय मिळालं ते त्यांना कळवायला हवं. दगडी हत्यारं, बाणांची टोकं या परवान्यात येत नाहीत. ती उचलू नका. हाड माणसाचं वाटलं तर तिथेच थांबून पोलिसांना कळवा.

जायचं ते हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. निघण्यापूर्वी नदीकाठच्या आर्केडिया किंवा झोल्फो स्प्रिंग्ज या गावांजवळची पाणीपातळी बघा. पाणी कमरेच्या वर असेल तर बेत रद्द. नदीत मगरींच्या जातीतले ॲलिगेटर आहेत, म्हणून एकट्याने जाऊ नका आणि अंधारायच्या आत बाहेर या.

सामान थोडंच: फावडं, अर्ध्या इंची जाळीची चाळण, बारीक दातांसाठी पाव इंची जाळी आणि चार-पाच फुटी लोखंडी गज. गज नसेल तर बाकीचं घरीच राहू द्या.

कारण खरं काम खडी शोधण्याचं आहे. मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो हेच शिकायला. दात आणि खनिजं भरलेली हाडं वाळूपेक्षा जड किंवा मोठी असतात. प्रवाह वाळू पुढे नेतो आणि हे जड तुकडे गोट्यांसोबत मागे राहतात. त्यामुळे पात्रातली खडी हीच तुमची खाण. अडचण अशी की ती बहुतेक ठिकाणी वाळूखाली दडलेली असते आणि दर पावसाळ्यात वाळू जागा बदलते. गेल्या वर्षीचा खड्डा यंदा उपयोगी पडेलच असं नाही.

गज सरळ खाली दाबा. नुसती वाळू असेल तर तो मुकाट आत जातो. चिकणमाती त्याला धरून ठेवते. खडी लागली की भातात खडा यावा तशी करकर हाताला जाणवते. ती जाणवली की लगेच खोदायला बसू नका. दोन-दोन पावलांवर गज घालत थराची लांबी-रुंदी आणि जाडी समजून घ्या. उथळ खळखळाटाच्या खालची बाजू, आडव्या पडलेल्या झाडामागची जागा, कठीण तळातले खळगे आधी तपासा. काठ मात्र पोखरू नका. तो बहुधा खासगी मालकीचा असतो आणि दरड अंगावर येते.

सगळी खडी सारखी नसते. वाटाण्याएवढे एकसारखे पांढरे खडे निघाले तर पुढे चला. काळे फॉस्फेटचे गोटे, त्यात मुठीएवढे दगड, हाडांचे तुकडे असं मिश्रण हवं. तीन-चार चाळणी भरूनही शार्कचा एक दात दिसला नाही, तर मी जागा सोडते. दात दिसले, तर खाली चिकणमाती लागेपर्यंत खोदते, कारण सगळ्यात जड माल तिच्या लगत असतो. वरची खडी चाळून उठणारे नेमका हाच थर सोडतात.

चाळणीत काळ्या रंगावर भुलू नका. तो फॉस्फेटसारख्या खनिजांचा असतो, वयाचा नव्हे. साधा गोटाही तितकाच काळा दिसतो. आकाराची ठेवण, दातावरची चकाकी आणि तुटलेल्या कडेची सूक्ष्म छिद्रं बघा. डुगाँगची बरगडी मात्र आतून जवळजवळ भरीव असते, म्हणून ती दगड समजून फेकली जाते. मॅमथच्या दाढेवर समांतर पट्ट्या असतात, मॅस्टोडॉनच्या (हत्तीच्या दुसऱ्या नामशेष नातलगाच्या) दाढेवर उंचवटे.

महाराष्ट्रात गोदावरी-मांजराच्या जुन्या गाळातही हत्तींची, रानबैलांची हाडं निघाली आहेत. तिथे ही पद्धत वापरू नका. पीस नदीतला बराच माल प्रवाहाने आधीच हलवलेला असतो. तिकडे काठच्या थरात रुतलेल्या हाडाची नेमकी जागा हाच मोठा पुरावा. फोटो काढा, जागा नोंदवा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.

घरी आणलेलं हाड उन्हात ठेवू नका, तडकतं. साध्या पाण्यात धुऊन सावलीत सावकाश वाळवा. ठिसूळ असेल तर पूर्ण वाळल्यावर ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ (संग्रहालयांत वापरतात ते, पुन्हा काढता येणारं ॲक्रिलिक रेझिन) पातळसर लावा. पांढरा डिंक किंवा वॉर्निश अजिबात नको. पुढे संशोधकाला ते काढता काढता हाडाचा पृष्ठभागच निघून येतो.