मासळी वाहणाऱ्या जुन्या ट्रकचा गंज कसा काढावा

घाटावर कांदा-बटाटा वाहणारी गाडी आणि कोकणात मासळी वाहणारी गाडी, एकाच वर्षी घेतल्या तरी दुसरी आधी सडते. मिरकरवाडा किंवा हर्णैच्या मासळी बंदरात माल भरला की बर्फ वितळायला लागतो आणि ते खारट पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर), पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर), ब्रेकच्या पाइपांवर थेट कोल्हापूरपर्यंत ठिबकत राहतं. लोखंड गंजायला पाणी आणि हवा एवढं पुरतं. मीठ आलं की तेच काम फार वेगाने होतं. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे गाडी वरून खडखडीत कोरडी दिसली तरी खाचाखोचांत ओल असतेच.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट काढावं लागतं, त्यालाच पासिंग म्हणतात. त्यामुळे आपल्याकडे ‘पासिंगचा रंग’ नावाचा एक प्रकार रूढ झाला आहे: तारखेच्या आदल्या दिवशी चासीवर चिखलासकट काळा रंग मारायचा. आरटीओच्या आवारात गाडी चकाचक दिसते, आणि रंगाखाली गंज निवांत पुढे सरकत राहतो. इथे सांगितलेलं काम त्यासाठी नाही. गाडी अजून काही वर्षं धंद्यात ठेवायची असेल त्यांच्यासाठी आहे. मी टाटा ४०७ हा छोटा ट्रक डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, कारण या धंद्यात जुन्या ४०७ अजून बऱ्याच आहेत. पण मोठ्या ट्रकलाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

कधी करावं

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गाडी मोकळी असते, म्हणून बरेचजण हे काम तेव्हा काढतात. रंगकामासाठी याहून वाईट महिने नाहीत. हवेत ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तर लोखंडावर रंग चढवू नये असा साधारण नियम आहे, आणि कोकणातला आषाढ तर त्याच्या पलीकडचा. घासून उघडं केलेलं लोखंड रात्रभरात पुन्हा तांबूस होतं. दिवाळीनंतर ते मेपर्यंत कधीही आठवडाभर गाडी उभी करा. बुडालेल्या खेपांचा हिशेब लागतोच, पण चासीचा क्रॉस मेंबर (दोन लांब दांड्यांना जोडणारी आडवी दांडी) बदलण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

आधी धुणं, मग बघणं

कोकणातली लाल माती आणि गंज यांचा रंग जवळजवळ एकच. न धुतलेल्या गाडीखाली शिरून काहीच कळत नाही. गाडी रॅम्पवर चढवून खालून जोराच्या पाण्याने धुवा. पाणी गोडं हवं. किनाऱ्याजवळच्या काही विहिरी मचूळ असतात, त्या पाण्याने धुणं म्हणजे मिठाने मीठ धुणं. पाण्याचा मारा चासीच्या आतल्या बाजूला, डिझेल टाकीच्या पट्ट्यांमागे, मडगार्डच्या आतल्या कडांना आणि हौदा व चासी यांच्यामधल्या लाकडांपाशी जास्त वेळ धरा. मातीचे गोळे तिथेच दडलेले असतात. मग गाडी एक-दोन दिवस उन्हात सुकू द्या.

आता एक छोटी हातोडी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या. गाडीखाली जाताना जॅकच्या भरवशावर राहू नका, भक्कम ठोकळे द्या. हातोडीने हलकेच ठोकत चला. चांगलं लोखंड खणखणतं. सडलेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे खाली पडतात. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. केबिनमध्ये पायाखालचं मॅटिंग उचलायला विसरू नका. वरून ठीकठाक दिसणाऱ्या केबिनचा तळ तिथे चाळणी झालेला सापडतो. दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी आतच साठतं आणि दरवाजा आतून बाहेर सडत येतो. बॅटरीचा ट्रे, काचेच्या रबराखालची कड आणि पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्टही बघून घ्या.

दोन पट्ट्या एकमेकींवर रिव्हेट केलेल्या असतील ती जागा विशेष निरखून बघा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. मधल्या फटीत तो फुगला की जाड पट्ट्यासुद्धा वाकतात आणि रिव्हेट ताणले जातात. पट्टीची कड सरळ न दिसता रिव्हेटच्या दरम्यान फुगीर दिसली, तर आत हेच चाललंय.

हे घरी करायचं नाही

चासीच्या दोन लांब दांड्यांना तडा असेल, त्यांची जाडी डोळ्यांना कमी दिसत असेल, किंवा स्टिअरिंगच्या जोडांवर खोल गंज असेल, तर गाडी जाणत्या मिस्त्रीकडे न्या. लांब दांडीच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्टीवर भोक पाडणं किंवा परस्पर वेल्डिंगचा टाका मारणं धोक्याचं आहे. सगळ्यात जास्त ताण त्या पट्टीवर येतो आणि तडा टाक्याच्या कडेपासूनच पुढे धावतो. ब्रेकच्या लोखंडी पाइपावर खपल्या दिसल्या की तो घासायचाही नाही, रंगवायचाही नाही. सरळ बदलायचा. क्लिपखालचा भाग आधी सडतो, म्हणून क्लिप सोडवून बघा.

घासणं

नव्वद टक्के मेहनत इथे आहे आणि माणसं घाईही इथेच करतात. ग्रीस-तेल असलेली जागा आधी रॉकेलने, मग साबणाच्या पाण्याने स्वच्छ करा. तेलकट जागेवर पॉलिश पेपर मारला तर तेल लोखंडात रगडलं जातं. सुटे पापुद्रे छिन्नीने आणि हातोडीने उडवा. त्यानंतर ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावा. चष्मा आणि मास्क हवेतच. ब्रशच्या तारा तुटून गोळीसारख्या सुटतात, आणि जुन्या रंगात शिसं किंवा क्रोमेट असू शकतं. ती धूळ फुप्फुसात जायला नको.

कप ब्रशची एक लबाडी ओळखून असा. खड्डे पडलेल्या गंजावर तो फिरला की गंज निघत नाही, घोटला जातो. जागा काळसर, गुळगुळीत, चकचकीत होते आणि लोखंड लागलं असं वाटतं. खरं लोखंड राखाडी-पांढरं दिसतं. काळी चमक दिसली की टोकदार हत्याराने खड्डे टोचून काढा आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर मारा. कडेच्या चांगल्या रंगाला १२० नंबरने उतार द्या, नाहीतर नवा रंग त्या पायरीवरूनच सुटायला लागतो. शेवटी थिनरच्या चिंधीने पुसून घ्या आणि मग उघड्या हाताने शिवू नका. घामातही मीठ असतंच.

खड्ड्यांच्या तळाशी थोडा गंज उरतोच. तेवढ्यासाठी रस्ट कन्व्हर्टर आहे. टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लामुळे उरलेल्या गंजाचा काळा, घट्ट थर होतो. पण तो फक्त घट्ट बसलेल्या पातळ गंजावर चालतो. पापुद्र्यांवर ओतला तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचा गंज आपलं काम चालू ठेवतो. फॉस्फोरिक प्रकार वापरला असेल तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुवून पूर्ण सुकवा. आम्ल राहिलं तर वरचा इपॉक्सी प्रायमर धरत नाही.

भोक पडलं असेल तर

भोकात वर्तमानपत्र कोंबून वरून पुट्टी भरायची पद्धत गाडी विकणाऱ्यांची आहे, वापरणाऱ्यांची नाही. पुट्टी मागून पाणी पिते आणि वर्षभरात फुगून सुटते. सडलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापून टाका आणि तेवढ्याच जाडीचा तुकडा वेल्ड करून घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडा, जवळचं वायरिंग आणि डिझेलचा पाइप बाजूला करा, मॅटिंग काढा, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल तर कडेचा जस्ताचा थर आधी घासून काढा आणि काम उघड्यावर करा, कारण जस्ताच्या धुराने ताप भरतो. टाक्यावर आतून-बाहेरून सीम सीलर (सांधा बुजवणारी पेस्ट) लावा.

प्रायमर आणि रंग

घासलेल्या जागेवर त्याच दिवशी, ऊन कलायच्या आत प्रायमर चढला पाहिजे. रात्रीवर ठेवू नका. म्हणून एका दिवसात झेपेल एवढाच भाग उघडा करा.

रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतो, पण तो मारून महिनाभर गाडी तशीच फिरवणारे फसतात. नुसत्या प्रायमरमधून पाणी झिरपतं. त्याच्यावर रंग हवाच. खाऱ्या पाण्याच्या गाडीला मी दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर सुचवेन. हार्डनर सांगितलेल्या प्रमाणातच मिसळा आणि लागेल तेवढाच कालवा, कारण उरलेला डब्यातच दगड होतो. जस्तवाला प्रायमर चांगला असतो, पण त्याला नितळ लोखंड लागतं. कन्व्हर्टरच्या काळ्या थरावर त्याचा उपयोग नाही.

कडा, बोल्टची डोकी, वेल्डिंगचे टाके इथे स्प्रेचा रंग पातळ बसतो. तिथे आधी ब्रशने एक हात द्या, मग सगळीकडे स्प्रे. प्रायमरवर काळ्या चासी पेंटचे किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन हात. डांबरासारखं रबरी कोटिंग मात्र गंजावर कधीही मारू नका. त्याला तडा गेला की पाणी आत शिरतं, बाहेर येत नाही, आणि वरून काही दिसतही नाही.

चासीच्या बंद पोकळ्यांत रंग पोचत नाही. तिथे नळी घालून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं पातळ मेण) फवारा. इंजिनचं काढलेलं काळं ऑइल डिझेलमध्ये मिसळून खालून मारायची जुनी रीत आहे. त्याने पाणी काही दिवस दूर राहतं हे खरं, पण रबरी बुश आणि ब्रेकचे होज फुगतात, धूळ चिकटते आणि ते ऑइल शेवटी कोणाच्या तरी विहिरीकडे जातं.

पाण्याला वाट

वरचं सगळं केलं आणि बर्फाचं पाणी पूर्वीसारखंच चासीवर पडत राहिलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच काम. हौद्याच्या तळाला एका कोपऱ्याकडे हलका उतार द्या, तिथे भोक पाडून जाड प्लॅस्टिकची नळी जोडा आणि ती चासी, पाटे, ॲक्सल यांच्यापलीकडे खाली सोडा. नळीला कॉक बसवून खाली कॅन बांधला तर रस्त्यावरही पाणी सांडत नाही. मागचा दुचाकीवालाही घसरत नाही. फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या दाराच्या) खालची फट मात्र रबराच्या पट्टीने बंद करा.

हौद्यात पत्रा टाकताना एक गोष्ट हमखास सुटते. ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडाला चिकटून बसला आणि मध्ये खारं पाणी आलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्टेनलेस स्टील टाकलं तर उलटं, खालचं लोखंड आधी जातं. दोन्ही धातूंमध्ये रबराची शीट किंवा सीलंटचा थर द्या आणि स्क्रूच्या भोकांतही सीलंट भरा.

रोजचं काम थोडंच आहे. खेप रिकामी झाली की हौदा आणि खालची बाजू गोड्या पाण्याने धुवायची. महिन्यातून एकदा दरवाज्याची भोकं तारेने मोकळी करायची. ठोकर लागून रंग उडाला तर त्याच आठवड्यात तेवढ्यावर प्रायमर आणि रंग. एअर ब्रेकची गाडी असेल तर हवेच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडायचं, कारण त्या टाक्या आतून गंजतात.

बंदीच्या महिन्यांत गाडी गवतात किंवा चिखलात उभी करू नका. सिमेंटचा कोबा आणि वर शेड असेल अशी जागा बघा. ताडपत्रीने घट्ट गुंडाळू नका, आत वाफ धरते. हँडब्रेक ओढून ठेवला तर पावसाळ्यात ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा बाहेर काढताना आवारातच दोन-चार वेळा हळू ब्रेक मारून बघा. ड्रमवर गंजाचा थर आलेला असतो. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ड्रम उघडून साफ केल्याशिवाय माल भरू नका.