जाळ्यात अडकलेलं कासव किनाऱ्यावर सापडलं तर

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर तुटक्या नायलॉन जाळ्यांत गुरफटलेली ऑलिव्ह रिडले कासवं वाहून येतात. आधी वनविभागाला १९२६ वर फोन करा.

जाळं ओढून काढू नका. दोरा पुढच्या पायाच्या मुळाशी मांसात रुतलेला असतो. ओढला की जखम खोल जाते. बोथट टोकाच्या कात्रीने, कातडीपासून दूर, एकेक पीळ कापा. रुतलेला दोरा पशुवैद्यकासाठी तसाच ठेवा. तोंडातून तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) लोंबत असेल तर अजिबात खेचू नका. आत गळ असू शकतो, आतडंही चिरतं.

उचलायचं ते दोघांनी, कवचाला दोन्ही बाजूंनी धरून. पायांना धरून कधीच नाही. सावलीत पोटावर ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. पाणी पाजू नका.

आणि कळवळून लगेच समुद्रात सोडू नका! कासव हवेतच श्वास घेतं. थकलेल्याला डोकं वर काढता येत नाही, ते बुडून मरतं.

मच्छीमारांनो, चालू जाळ्यात कासव आलं तर बिनधास्त जाळं कापा. कापण्याआधी आणि सोडताना फोटो मात्र काढा: २०१८ पासून राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं, त्यासाठी तो पुरावा लागतो.