परदेशात गेम स्वस्त दिसला की आधी एवढं तपासा

गेमच्या डबीच्या पुढच्या बाजूला, खाली कोपऱ्यात, तो कोणत्या वयासाठी आहे हे सांगणारा छोटा शिक्का असतो. डिस्क कुठल्या प्रदेशातली आहे, तेही त्यावरून कळतं. युरोपातल्या बहुतेक देशांत तो पेगीचा, अमेरिका आणि कॅनडात ईएसआरबीचा. मी तो न बघता स्वस्त मिळाली म्हणून एक डिस्क घेतली. गेम छान चालला. मग त्याची एक्स्पान्शन (गेमला जोडायचा जादा भाग) विकत घेतली, ती डाउनलोडही झाली, पण गेममध्ये दिसेना. डिस्क युरोपातली होती, एक्स्पान्शन घेतलेलं खातं अमेरिकेतलं, आणि दोन्ही जुळेनात. तेव्हापासून किंमत पाहिली की मी आधी ती सोलून बघते.

पहिली साल कराची. अमेरिकेत दाखवलेल्या किमतीत सेल्स टॅक्स धरलेला नसतो, तो बिलात लागतो. युरोपीय संघात व्हॅट आतच असतो. लक्झेंबर्गमध्ये 17 टक्के, हंगेरीत 27. म्हणून 69.99 डॉलर आणि 79.99 युरो शेजारी ठेवून चिडू नका. जर्मनीत व्हॅट 19 टक्के आहे, तर 79.99 ला 1.19 ने भागा: 67.22 युरो. सरळ 19 टक्के वजा केले तर 64.79 येतं, आणि हिशेब तिथेच चुकतो. मग त्या दिवसाच्या दराने चलन बदला.

एवढं करूनही मोठा फरक उरला, तर तो मुद्दाम ठेवलेला असतो. डाउनलोडची आणखी एक प्रत विकायला प्रकाशकाला जवळपास काहीच खर्च येत नाही. त्यामुळे जिथे पगार कमी, तिथे पूर्ण किंमत सांगून गिऱ्हाईक गमावण्यापेक्षा कमी किमतीत विकणं त्याला परवडतं. मला हे न्याय्य वाटतं. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर ते चालवणारी कंपनी व्हॉल्व्ह प्रत्येक चलनासाठी किंमत सुचवते, पण शेवटचा शब्द प्रकाशकाचा. चलन घसरलं आणि त्याने आकडा बदलला नाही, तर डॉलरच्या हिशेबात गेम आपोआप स्वस्त होतो. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात चलनाचे दर इतके हलत होते, की नोव्हेंबर 2023 मध्ये स्टीमने तिथल्या किमती डॉलरमध्ये नेल्या.

स्टीमवरच्या किमतींची नोंद ठेवणाऱ्या स्टीमडीबी या साइटवर गेमचं पान उघडलं की सगळ्या चलनांतल्या किमती एकाखाली एक दिसतात. मात्र तिथला सर्वांत कमी आकडा बघून व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारी सोय) लावू नका. राहण्याचा देश लपवणं स्टीमच्या करारात बसत नाही, आणि देश बदलायचा तर पैसेही त्याच देशातल्या साधनाने भरावे लागतात. खरोखर स्थलांतर केलं असेल, तरच खात्याचा देश बदला. आणि बाहेरच्या दुकानातून गेम चालू करायचा कोड, म्हणजे ‘की’, घेताना ती कोणत्या प्रदेशात चालते ते वर्णनात वाचा. लिहिलं नसेल तर घेऊ नका.

माझ्यापुरतं सांगायचं तर शेवटी मी ईएसआरबीचा शिक्का असलेली दुसरी डिस्क घेतली. एक्स्पान्शन त्याच संध्याकाळी चालू झाली. जुन्या डिस्कवरचं 60 तासांचं सेव्ह मात्र तिच्यावर उघडलं नाही, आणि मी पहिल्या गावापासून परत सुरुवात केली.