एसी/डीसीचा मूळ पहिला अल्बम तीन सीडींतून कसा जुळवायचा

'हाय व्होल्टेज' या नावाचे एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचे दोन अल्बम आहेत आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. फेब्रुवारी 1975 मध्ये ऑस्ट्रेलियात निघाला तो खरा पहिला, आठ गाण्यांचा. 1976 मध्ये अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने बाहेरच्या देशांसाठी त्याच नावाचा दुसरा काढला. त्यातल्या नऊपैकी सात गाणी 'टीएनटी' या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन अल्बममधली आहेत. 2003 चा रीमास्टर, म्हणजे आवाज नव्याने सुधारून काढलेली आवृत्ती, या 1976 वाल्याचाच.

विकत घेताना एकच खूण बघा. यादीत 'हाय व्होल्टेज' नावाचं गाणं असेल, तर तो पहिला अल्बम नव्हे. ते गाणं मूळ तबकडीत नाहीच. मूळ कव्हरवर विजेचं सबस्टेशन आणि पाय वर केलेला कुत्रा आहे.

ऑस्ट्रेलियन प्रत मागवणं महागात पडतं. पण आठही गाणी पुढच्या तीन सीडींत विखुरलेली आहेत:

1976 चा 'हाय व्होल्टेज': सातवं 'लिटल लव्हर', आठवं 'शीज गॉट बॉल्स'.
1984 चा '74 जेलब्रेक': दुसरं 'यू एन्ट गॉट अ होल्ड ऑन मी', तिसरं 'शो बिझनेस', चौथं 'सोल स्ट्रिपर', पाचवं 'बेबी, प्लीज डोन्ट गो'. यातलं पहिलं, 'जेलब्रेक', वगळा. ते 1976 चं रेकॉर्डिंग आहे.
2009 चा 'बॅकट्रॅक्स': 'स्टिक अराउंड' आणि 'लव्ह साँग'. साधा संच पुरे. अँप्लिफायरच्या खोक्यातला मोठा संच या दोन गाण्यांसाठी घेऊ नका.

नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, म्हणून यूएसबीचा बाहेरचा डीव्हीडी रायटर लागेल. एमपी3 नको, फ्लॅकमध्येच (आवाजाचा कस न घटवणारा फाइलचा प्रकार) रिप करा, म्हणजे सीडीवरून लॅपटॉपवर उतरवा. लातूर असो की परभणी, भारनियमनाची वेळ टाळा किंवा लॅपटॉपची बॅटरी भरून घ्या. मध्येच वीज गेली की फाइल अर्धवट राहते आणि नावावरून ते कळत नाही. प्रत्येक फाइलची लांबी सीडीशी ताडून बघा.

आता क्रम. पहिली बाजू: 'बेबी, प्लीज डोन्ट गो', 'शीज गॉट बॉल्स', 'लिटल लव्हर', 'स्टिक अराउंड'. दुसरी: 'सोल स्ट्रिपर', 'यू एन्ट गॉट अ होल्ड ऑन मी', 'लव्ह साँग', 'शो बिझनेस'. दोन्ही बाजू जवळपास वीस-वीस मिनिटांच्या भरतात. तसं झालं नाही, तर कुठलं तरी गाणं चुकीचं आलंय.

सगळ्यात जास्त बिघडतो तो आवाजाचा मेळ. तिन्ही सीडींचं मास्टरिंग, म्हणजे आवाजाची शेवटची जुळवणी, वेगळं, त्यामुळे एक गाणं दबकं आणि पुढचं अंगावर येणारं वाटतं. उपाय रिप्लेगेन, म्हणजे फाइलमध्ये आवाजाची पातळी नोंदवून ती वाजवताना सारखी करण्याची सोय. पण तो गाणंगणिक लावू नका. हळू आणि जोरकस गाण्यांतला फरकच पुसला जातो. आधी प्रत्येक डिस्क पूर्ण रिप करून तिचा अल्बम गेन (सगळ्या गाण्यांना मिळून एकच पातळी) काढा, मग त्यातून हवी ती गाणी उचला. थोडा वेळ जातो, पण 'लव्ह साँग'चा संथपणा टिकतो, आणि तो टिकायलाच हवा.

फाइलच्या टॅगमध्ये, म्हणजे गाण्याच्या माहितीच्या नोंदीत, रेकॉर्डिंग नोव्हेंबर 1974, अल्बर्ट स्टुडिओज, सिडनी. निर्माते हॅरी वँडा आणि जॉर्ज यंग असं लिहा. ड्रमवर फिल रडचं नाव टाकू नका. तो बँडमध्ये 1975 ला आला. इथले बहुतेक ड्रम टोनी करेंटीचे आहेत.

तरीही ऑस्ट्रेलियन एलपीच हवी असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच मागवा. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत तापलेली तबकडी वाकते आणि वाकलेली सहसा पूर्ववत होत नाही. धुवायला बोअरचं पाणी तर अजिबात नको, त्यातले क्षार वाळून खाचांत बसतात आणि चरचर वाढते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर चालतं. मात्र कॅनवरचं नाव वाचूनच घ्या, कारण बॅटरीचं अ‍ॅसिड त्याच दुकानात मिळतं.