सेटची तयारी, ग्रंथालयशास्त्रवाल्यांसाठी (कागदपत्रांसकट)

ग्रंथालयशास्त्राच्या सेटसाठी, म्हणजे राज्य पात्रता परीक्षेसाठी, कुणी सल्ला विचारला की मी पुस्तकांची नावं नंतर सांगते, आधी प्रवर्ग विचारते. ओबीसी, व्हीजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांपैकी काही असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला: नॉन-क्रीमी लेयर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) कुठवर वैध आहे? "काढलंय ना मागे" हे उत्तर मला चालत नाही. दाखला बाहेर काढा, त्यावर वैधता लिहिलेली असते, अमुक सालच्या ३१ मार्चपर्यंत. ते साल मोठ्याने वाचा. मी वाचलं नव्हतं. गुण ओबीसीच्या कट-ऑफच्या वर, खुल्याच्या खाली, आणि दाखला मुदतीबाहेर. अशा वेळी पडताळणीत तुम्हाला खुल्या प्रवर्गात धरतात, आणि खुल्या प्रवर्गात तुम्ही नापास असता. या मजकुरात हा विषय पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी गाळू नका.

परीक्षेची माहिती थोडक्यात, कारण ती सगळ्यांना असते. कॉलेजच्या ग्रंथपालाच्या पदाला यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते. राखीव प्रवर्गांना टक्केवारीत पाचाची सूट आहे. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी, घेणारं पुणे विद्यापीठ. नेट देशभरासाठी, घेणारी एनटीए (राष्ट्रीय चाचणी संस्था). दोन्हीकडे पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडून आलात तर तो तुमचा हट्ट. परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण ६ टक्केच पात्र ठरतात, म्हणून ४० (खुला) किंवा ३५ (राखीव) टक्क्यांच्या किमान अटीवर विसंबू नका. ती ओलांडली की फक्त रांगेत उभं राहता येतं. फॉर्म दोन्हींचे भरा. विषयाचा अभ्यासक्रम तोच आहे, दुप्पट मेहनत होत नाही.

कागद मात्र दोन्हीकडे तेच नाहीत. सेटला राज्याचा दाखला, नेटला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असायला हवी. राज्यात व्हीजे किंवा एनटी असलेल्या पुष्कळ जाती केंद्रात ओबीसी म्हणून मोडतात, पण "पुष्कळ" म्हणजे सगळ्या नव्हेत. स्वतःची जात यादीत स्वतः शोधा, कॅफेवाल्याला विचारून फॉर्म भरू नका. राज्यातलं एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आरक्षण केंद्रात नाही. हे सगळं आत्ता, अभ्यासाचं वेळापत्रक आखायच्याही आधी करा. अधिसूचनेत प्रवर्गाचा आणि दाखल्यांच्या तारखांचा जो परिच्छेद असतो तो छापून भिंतीला लावा. अभ्यासक्रमाचा कागद नंतर लावा.

दाखला काढायचा असेल तर सेतूत किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज करा. सोबत तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड. शिवाय तिथला माणूस आणखी एखादा कागद मागेल, तोही न्या आणि वाद घालू नका. दहावी-बारावीचे निकाल लागले की तहसीलला पाय ठेवायला जागा नसते. त्याच्या आधी जा. मुदत मार्चअखेर संपत असेल तर "फॉर्म सुटला की बघू" म्हणू नका, कारण फॉर्म तुमच्या सोयीने सुटत नाही. लग्न झालेल्या मुलींनी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. इथे उत्पन्न आई-वडिलांचं बघतात, नवऱ्याचं नाही. नवऱ्याची सॅलरी स्लिप घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दुसरं, जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, एम.लिबची गुणपत्रिका कधी या नावाची कधी त्या नावाची, आधार तिसऱ्याच स्पेलिंगचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद हाताशी ठेवा.

आता अभ्यास. पहिला पेपर आमच्या लोकांना परका वाटतो आणि म्हणून ते तो शेवटच्या पंधरवड्यावर ढकलतात. दहा घटक, प्रत्येकी पाच प्रश्न. त्यातला माहिती-तंत्रज्ञानाचा घटक आपल्याला घरचा आहे, संशोधनाचा घटक दुसऱ्या पेपरातही उपयोगी पडतो, उताऱ्यावरचे पाच प्रश्न शांतपणे वाचणाऱ्याचे. उरलं तर्कशास्त्र आणि आकडेवारीचे तक्ते. तक्त्यांना रोज पंधरा मिनिटं, कॅल्क्युलेटरशिवाय. तर्कशास्त्रात भारतीय प्रमाणांचा भाग येतो: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द, अर्थापत्ती, अनुपलब्धी. हे सहा शब्द आणि हेत्वाभासाचे प्रकार एका रात्रीत होतात आणि तरी लोक ते सोडतात. उच्चशिक्षणाच्या घटकासाठी जुने आयोग आणि नवं शैक्षणिक धोरण, बस.

दुसऱ्या पेपरात रंगनाथन (भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक) सगळे करतात. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१, कोलन वर्गीकरण १९३३, त्यांची तालिकासंहिता १९३४, १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन. हे कुणाला सांगायची गरज नाही. गुण जातात ते इतर ठिकाणी. उदाहरणार्थ पीएमईएसटी (कोलनमधले विषयाचे पाच पैलू) सगळ्यांना पाठ असतं, पण त्यांची चिन्हं विचारली की वर्ग गप्प होतो. पर्सनॅलिटीला स्वल्पविराम, मॅटरला अर्धविराम, एनर्जीला अपूर्णविराम, स्पेसला टिंब, टाइमला वरचा एकेरी अवतरण. हे लिहून काढा. कोलनमध्ये एल म्हणजे वैद्यक आणि डीडीसीत (ड्युईच्या दशमान वर्गीकरणात) ६१०, कोलनमध्ये बी म्हणजे गणित आणि तिकडे ५१०, अशा जोड्या करा. जोड्या लावा हा प्रश्न त्यांच्यावरच उभा असतो.

सगळ्यात जास्त वेळ क्रम लावण्याच्या प्रश्नांना द्या. चार गोष्टी देतात, कालानुक्रम मागतात. सालं एका लांब यादीत पाठ केली की ती एकमेकांत मिसळतात, म्हणून गट करा. वर्गीकरणाचा गट: ड्युई १८७६, कटरचं विस्तारशील वर्गीकरण १८९१, यूडीसी (सार्वत्रिक दशमान वर्गीकरण) १९०५ पासून, ब्राउन १९०६, कोलन १९३३, आणि ब्लिस त्याच्या नंतर. तालिकीकरणाचा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करायच्या पद्धतींचा, गट: एएसीआर १९६७, एएसीआर-दोन १९७८, एफआरबीआर १९९८, आरडीए २०१०. संस्थांचा (ग्रंथालय संघटना, माहिती केंद्रं आणि जाळी) गट: आयएफएलए १९२७, आयएलए १९३३, इन्सडॉक (वैज्ञानिक प्रलेखन केंद्र) १९५२, आयॅसलिक १९५५, डीआरटीसी १९६२, राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान १९७२, निसॅट १९७७, डेलनेट १९८८, इन्फ्लिबनेट १९९१. एकट्या १८७६ सालात ड्युईचं वर्गीकरण, कटरचे कोश-तालिकेचे नियम आणि अमेरिकन लायब्ररी असोसिएशन असं तिन्ही आहे, म्हणून ते साल दिसलं की घाई करू नका. आणि चारही सालं यावी लागतात असं नाही. पहिलं आणि शेवटचं पक्कं असेल तर बहुतेक वेळा पर्यायांतले दोन-तीन आपोआप गळतात.

कायद्यांचा गट वेगळा काढते, कारण तो आपला आहे आणि आपणच तो कच्चा ठेवतो. मद्रास १९४८, हैदराबाद १९५५, आंध्र १९६०, म्हैसूर १९६५, महाराष्ट्र १९६७, पश्चिम बंगाल १९७९, मणिपूर १९८८, केरळ आणि हरियाणा १९८९. पण या सगळ्यांच्या आधी कोल्हापूर संस्थानाचा ग्रंथालय कायदा होता, १९४५ चा. स्वतंत्र भारतातला पहिला विचारला की मद्रास. नुसतं "पहिला" विचारलं तर प्रश्न पुन्हा वाचा, पर्यायात कोल्हापूर आहे का ते बघा. मुंबई इलाख्यातली १९३९ ची ग्रंथालयविकासाची फैजी समिती त्याच ओळीत लिहून ठेवा. बडोद्याचे सयाजीराव आणि त्यांनी १९१० साली बोलावलेला बॉर्डन, पंजाब विद्यापीठात १९१५ ला आलेला डिकिन्सन, ही अमेरिकन ग्रंथपालांची जोडी एकमेकांत अडकते. बॉर्डन बडोदा, डिकिन्सन लाहोर. ग्रंथ वितरण कायदा १९५४, दुरुस्ती १९५६, कॉपीराइट १९५७.

गाइडबुकांबद्दल एक इशारा: त्यांतली बरीच जुन्या मजकुरावर नवं मुखपृष्ठ चढवून येतात. इन्सडॉक २००२ मध्ये निस्केअर झालं आणि २०२१ मध्ये निस्केअरही दुसऱ्या संस्थेत मिसळून एनआयएससीपीआर झालं. तुमच्या पुस्तकात अजून निस्केअर चालू असेल तर त्यातली बाकीची "अद्ययावत" माहितीही संशयाने वाचा. संशोधन-नियतकालिकांची 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजना २०२५ च्या जानेवारीपासून सुरू झाली, तीही जुन्या पुस्तकात मिळणार नाही.

संगणकाच्या भागासाठी पुस्तक वाचण्यापेक्षा कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) उघडून बसा. नोकरीत असाल तर रोजच उघडता, फक्त डोळे मिटून. तालिकीकरणाच्या पडद्यावर मार्क २१ चे (नोंदीच्या संगणकीय नमुन्याचे) टॅग समोर असतात: ०२० आयएसबीएन, ०२२ आयएसएसएन, ०८० यूडीसी, ०८२ डीडीसी, १०० लेखक, २४५ शीर्षक, २५० आवृत्ती, ३०० पृष्ठं आणि आकार, ६५० विषय, ७०० सहलेखक. प्रकाशनाला जुन्या नोंदीत २६० आणि आरडीएच्या नोंदीत २६४. दहा-पंधरा पुस्तकांच्या नोंदी हाताने करा, टॅग पाठ करावे लागत नाहीत. सॉफ्टवेअरांत कोहा आणि ग्रीनस्टोन दोन्ही न्यूझीलंडचे, डीस्पेस एमआयटी आणि एचपीचं, सोल इन्फ्लिबनेटचं, ई-ग्रंथालय एनआयसीचं. एवढ्यावर एक प्रश्न हमखास समजा.

इथे थांबून परत विचारते. दाखल्याचा अर्ज टाकला का? पोचपावती आहे? पोचपावती म्हणजे दाखला नव्हे. पोर्टलवर "मंजूर" दिसल्याशिवाय आणि डाउनलोड केलेल्या दाखल्यावरचं नाव, जात, तारीख तीनदा वाचल्याशिवाय हे काम झालं असं म्हणू नका. ज्या दाखल्यावर आडनावात एक वेलांटी चुकली आहे तो दाखला परत दुरुस्तीला जातो, आणि दुरुस्तीलाही तेवढेच दिवस लागतात.

बिब्लिओमेट्रिक्स (ग्रंथ-लेखांची मोजमापं) लहान आहे, गुण देतं. लोटका १९२६ लेखकांची उत्पादकता, ब्रॅडफोर्ड १९३४ नियतकालिकांतलं विखुरणं, झिफ शब्दांची वारंवारता. एच-इंडेक्स हर्शचा, २००५. गणित एकदा करून बघा: लेखांना मिळालेली उद्धरणं १०, ८, ५, ४, ३ अशी असतील तर एच ४ (चार लेखांना किमान चार उद्धरणं), पाच नाही. सूचीकरणाच्या पद्धतींत प्रेसिस ऑस्टिनचं, पॉप्सी भट्टाचार्य यांचं, क्विक लूनचं, युनिटर्म टाउबेचं. शोधातल्या प्रिसिजन आणि रिकॉल यांची सूत्रं (दोन्हींत वर मिळालेल्या उपयुक्त नोंदी) उलटसुलट होतात. प्रिसिजनमध्ये भागायचं ते मिळालेल्या सगळ्यांनी, रिकॉलमध्ये भागायचं ते संग्रहातल्या सगळ्या उपयुक्तांनी. व्यवस्थापन: फेयोलची चौदा तत्त्वं, पॉसडकॉर्ब (गुलिक आणि उर्विक), अंदाजपत्रकांचे प्रकार. वाचकसेवा, संदर्भस्रोत: कुठला कोश कशासाठी हे माहीत असलं की झालं.

जुने पेपर सोडवा. घड्याळ लावून, आणि सेटसाठी ओएमआर उत्तरपत्रिका छापून, गोल रंगवत. शंभर गोल रंगवायला किती वेळ जातो याचा अंदाज मोबाइलवर टिचक्या मारून येत नाही. नेटचे दोन्ही पेपर सलग तीन तासांत असतात, मध्ये सुट्टी नाही, तसं बसायची सवय करा. सेटला पहिला एक तास, दुसरा दोन तास. विधान आणि कारण असलेल्या प्रश्नात दोन्ही बरोबर असूनही कारण त्या विधानाचं नसू शकतं, तिथे अडखळायला होतं.

शेवटच्या महिन्यात नवीन काही नाही. सालांच्या गटांच्या चिठ्ठ्या, चिन्हं, टॅग, तक्ते. झोप. केंद्र आदल्या दिवशी बघून या.

परीक्षेच्या दिवशी प्रवेशपत्र, ओळखपत्र, सूचनेत सांगितलेलं पेन. मोबाइल घरी. बैठक क्रमांकाचे गोल आधी, नावाचं स्पेलिंग दाखल्यासारखं.

निकालानंतर पडताळणीला मूळ प्रती आणि झेरॉक्सचे दोन संच न्या, सगळ्यात वर नॉन-क्रीमी लेयर, आणि न्यायच्या आदल्या दिवशी त्यावरची तारीख अधिसूचनेतल्या तारखेशी पुन्हा ताडून बघा. त्याआधी उत्तरसूची लागते. आपली उत्तरं त्याच दिवशी जुळवा, हरकत घ्यायची मुदत थोडे दिवसच असते आणि प्रत्येक प्रश्नाला पैसे पडतात. हरकतीला गाइडबुकाचं पान जोडू नका, मूळ ग्रंथाचं जोडा, मुखपृष्ठ आणि आवृत्तीच्या पानासकट. तेवढं पुस्तक तर आपल्याच कपाटात असतं.